ऑरोव्हिल सोडायचं असेल तर आधी पाऊस बघा, मग तिकीट काढा

पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल या आंतरराष्ट्रीय वसाहतीत मी सात वर्षं काढली, 2010 ते 2017. हरितपट्ट्यातल्या एका छोट्या वस्तीत सात एकर जंगल आणि एक रोपवाटिका, एवढा माझा संसार. तिथे राहायला कसं जायचं हे विचारणारे खूप भेटतात. निघायचं कसं, हे मात्र लोक बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारतात, जणू काही नवऱ्याला सोडायचं आहे. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहून काढते.

सोडावं की नाही यात मी पडत नाही. फक्त भांडणाच्या आठवड्यात किंवा मे महिन्यात ठरवू नका. काही महिने रजा घेऊन बाहेर राहून येता येतं, ते आधी करून बघा. मी चार महिने ठाण्याला, नौपाड्यात आईकडे राहिले. परत गेले त्या रात्री बेडकांच्या आवाजाने झोप लागेना. पूर्वी त्याच आवाजाने झोप लागायची. त्या रात्रीच माझं ठरलं.

आता तारीख. यात सगळे चुकतात, मीसुद्धा चुकणार होते. तिकडचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून. रोपं त्याच सुमाराला लागतात आणि त्यांची खरी परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये असते. लाल जांभ्याची माती तेव्हा विटेसारखी होते. मी मेमधलं तिकीट काढायला बसले होते. रोपवाटिकेत काम करणाऱ्या, शेजारच्या कुइलापाळयमच्या अक्काला सांगितलं तर ती पिशव्यांत माती भरत होती ती थांबलीसुद्धा नाही. "आणि तण्णी कोण ओतणार?" एवढंच म्हणाली. तण्णी म्हणजे पाणी. मी ऑगस्टमध्ये निघाले. गेल्या वर्षीच्या रोपांनी पहिला उन्हाळा काढलेला असतो आणि नवीन लागवड सुरू झालेली नसते. येणारा माणूस स्वतःच्या हाताने खड्डे खणून सुरुवात करतो, त्याला ते जंगल आपलं वाटायला लागतं. तुमच्याकडे जंगलाऐवजी गोठा असेल, बेकरी असेल, शाळा असेल, तर तिचा उन्हाळा कोणता ते तुम्हाला माहीत असेलच.

मग वही. शंभर पानी, रेघांची, पावसात भिजली तरी शाई पसरणार नाही अशा बॉलपेनने लिहिलेली. फोनमध्ये लिहून ठेवू नका, फोन तुमच्याबरोबर जातो. माझ्या वहीत काय होतं त्याचा नमुना:

"जांभळाचं बी वाळवून डब्यात ठेवायचं नाही, ताजंच पेरायचं. खिरणीला वेळ लागतो, मेलं म्हणून पिशवी ओतून टाकू नये. अंजनी आणि माकडलिंबू दक्षिणेच्या कुंपणाला लागलेत, पुन्हा तिथे नकोत. ईशान्य कोपऱ्यातला बांध दर पावसात एकाच जागी फुटतो, सप्टेंबरातच माती चढवावी. विटांच्या ढिगात घोणस असते, वीट काठीने हलवून मगच उचलावी. पंप सुरू झाला नाही तर डाव्या बाजूला चापट."

वही लिहिता लिहिता कळतं, आपल्या डोक्यात किती साठलंय आणि त्यातलं किती कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या जागी कोइम्बतूरचा चोवीस वर्षांचा एक मुलगा येणार होता. शेवटचा महिना मी हात मागे बांधून त्याच्या मागे चालले. तो खुरपं चुकीचं धरायचा, माझे हात शिवशिवायचे. तरी धरायचं नाही. तुम्ही हातात घेतलंत की तो शिकणार नाही आणि तुम्ही निघणार नाही.

वहीत मी एक नकाशाही काढला होता, 30 डिसेंबर 2011 च्या वादळात कुठली झाडं पडली आणि त्या मोकळ्या जागांत नंतर काय लावलं त्याचा. त्या वादळाचं नाव 'थाने'. नाव म्यानमारने सुचवलेलं, पण इंग्रजी स्पेलिंग अगदी आमच्या ठाण्याचं. मी ठाण्याची आहे हे कळलेला प्रत्येक माणूस मला सहा महिने म्हणत होता, तुझ्या गावाने आमचं जंगल पाडलं. मोकळं केलं तेवढं भरूनच निघावं, असं काहीतरी तेव्हा मनात घेतलं असावं. सात एकरांतल्या सगळ्या जागा काही भरल्या नाहीत. ज्या राहिल्या त्या नकाशात लाल गोलांनी दाखवल्या आणि वही बंद केली.

पैशाचं आणि कागदाचं पटकन सांगते. घर तुमचं नसतं. जमीन आणि बांधकाम 1988 च्या कायद्याने झालेल्या ऑरोव्हिल फाउंडेशनचं असतं. तुम्ही सुरूचे वासे आणि झावळ्यांचं छप्पर स्वतःच्या पैशाने केलं असलं तरी ते तिथेच ठेवून यायचं. छपरावरून कुणाशी हुज्जत घालू नका. झावळ्या तशाही तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतात. तिथल्या निर्वाह भत्त्यातून शिल्लक पडत नाही, म्हणून निघायच्या आधी सहा महिन्यांचा खर्च बाहेरच्या बँकेत हवाच. मी दोन वर्षं सुट्टीत भाषांतराची कामं करून तो जमवला. टाउन हॉलमध्ये जाऊन रहिवाशांच्या नोंदवहीतून नाव काढायचं, खातं मिटवायचं, वाचनालयाची पुस्तकं परत करायची. आधारचा पत्ता बदलायचा. आरोग्य विमा निघायच्या निदान महिनाभर आधी घ्या. पहिले 30 दिवस अपघात सोडून बहुतेक काही भरून मिळत नाही, आणि तुम्ही नेमके त्याच महिन्यात तापाने पडता. मोपेड विकून टाका, आणि विकल्यावर आरटीओत नाव बदललंय का ते स्वतः डोळ्यांनी बघा. माझं राहिलं होतं. विल्लुपुरमजवळ कुणीतरी विना-हेल्मेट गेल्याचा दंड मला ठाण्यात आला. कपडे 'फ्री स्टोअर'मध्ये द्या. ती लाल माती धुऊन जात नाही, मुंबईत ते कपडे अंगावर घालावेसे वाटणार नाहीत.

आता माणसं. ऑरोव्हिलकरांचा निरोप घेणं त्या मानाने सोपं. तिथे माणसं येत-जात असतात, सगळ्यांना सवय आहे. मोठा समारंभ ठेवू नका, घरोघर जाऊन चहा प्या. सगळे जेवायला जमतात त्या सौर स्वयंपाकघरात, छतावरच्या ऊन गोळा करणाऱ्या त्या 15 मीटर व्यासाच्या वाटीखाली, शेवटचं ताट घेऊन बसा. ज्याच्याशी तीन वर्षं बोलला नाहीत तोही येऊन समोर बसेल. बसू द्या.

गावातल्या माणसांना मात्र सगळ्यात आधी सांगा. आपण उलट करतो. परदेशी मित्रांना पत्रं लिहितो आणि रोज सकाळी साडेसहाला फाटक उघडणाऱ्या बाईला शेवटच्या आठवड्यात कळतं. तिच्यासाठी तुम्ही म्हणजे तिची नोकरी. अक्काचा पगार किती, दिवाळीचा बोनस कधी, मुलीच्या फीसाठी घेतलेल्या उचलीतले किती हप्ते राहिले, पोंगलला किती दिवस सुट्टी, हे सगळं मी नव्या मुलाला आणि अक्काला समोरासमोर बसवून बोलून घेतलं. अक्का आधी लाजली, मग माझा एक आकडा तिने दुरुस्त केला. माझ्या हिशोबात एक हप्ता जास्त लागला होता.

निघायच्या सकाळी मी तिला माझ्या मोडक्या तमिळमध्ये "नान पोरेन" म्हटलं, मी जाते. तिने हातातला कोयता खाली ठेवला आणि मला रागावली. पोरेन म्हणायचं नाही, "पोयिट्टु वरेन" म्हणायचं, जाऊन येते. माझी आजी दारात अगदी याच शब्दावर अडवायची, "जाते नाही गं, येते म्हण". सात वर्षांत माझं तमिळ एवढं कच्चं राहिलं याची लाज वाटली. तुम्ही निदान हे दोन शब्द आधी पाठ करून ठेवा.

पुदुच्चेरीहून दादरला चालुक्य एक्स्प्रेस जाते, दीड दिवस लागतो. विमानाने जाऊ नका. काही तासांत ठाण्यात पोचलात तर पाय एकीकडे आणि डोकं दुसरीकडे राहतं.

घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, "मग एवढी वर्षं तिथे काय केलंस?" याचं एका वाक्यातलं उत्तर गाडीतच तयार करा. मी सुरुवातीला 1968 पासून, ऑरोव्हिलच्या स्थापनेला 124 देशांतून आणलेल्या मातीपासून सांगायला घ्यायचे, आणि मावशीचं लक्ष टीव्हीकडे जायचं. नंतर म्हणायला लागले, "झाडं लावली." पुढचं ज्याला हवं तो विचारतो. नोकरीच्या अर्जात मात्र "झाडं लावली" चालत नाही. तिथे एकर, रोपांची संख्या, किती माणसांचं काम बघत होतात ते लिहा.

पहिलं वर्ष परत भेटीला जाऊ नका. गेलात तर पाहुणे म्हणून गेस्ट हाउसमध्ये, परतीचं तिकीट हातात ठेवून.

नोव्हेंबरात, ऐन पावसात, कोइम्बतूरच्या मुलाचा फोन आला. मागे पाणी पडल्याचा आवाज आणि अक्काचा आरडाओरडा. तीन नंबरचा कॉक बंदच होत नाही, वही दोनदा वाचली, त्यात काही नाही. मी नौपाड्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तो उलटा फिरतो, मी म्हटलं, डावीकडे फिरव. सात वर्षं मी तो न बघता फिरवत आले होते, म्हणून लिहायचा राहिला.