मुलाखतीआधीच ओळखपत्राची प्रत मागितली तर काय करावं

अर्ज पाठवल्यावर एखाद-दोन दिवसांत ई-मेल येतो: 'मुलाखतीची वेळ निश्चित करण्यासाठी ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, पासपोर्टचं फोटोचं पान आणि एक सेल्फी आजच पाठवा.' नोकरीची गरज असलेला माणूस अशा वेळी फार विचार करत नाही. नाही म्हटलं तर यादीतून नाव जाईल, या धास्तीनं तो पाच मिनिटांत फोटो काढून पाठवून देतो. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. जन्मतारीख आणि चेहरा बदलता येत नाही, आणि ओळख क्रमांक बदलून घेणं बहुतेक ठिकाणी महाकठीण असतं.

म्हणून एक फरक पक्का लक्षात ठेवा. ओळखपत्र दाखवणं ही एक गोष्ट आणि त्याची प्रत देणं ही दुसरी. मुलाखतीच्या टप्प्यावर दाखवायला सहसा हरकत नसते. प्रत मात्र नोकरीची लेखी ऑफर हातात येईपर्यंत देऊ नये, आणि तोवर ती न देताही काम भागतं.

पहिली पायरी: मागणी कशासाठी आहे ते ओळखा

प्रत्येक मागणी फसवणुकीचीच असते असं नाही. कार्यालयाच्या फाटकावर सुरक्षारक्षकाला पाहुण्यांची यादी लागते. ऑनलाइन परीक्षेत बसलेला माणूस तोच आहे ना, हे पाहावं लागतं. कंपनी विमानाचं तिकीट काढून देणार असेल तर पासपोर्टवरचं नाव अचूक हवं असतं. शिवाय एकाच्या नावावर दुसऱ्यानं मुलाखत देण्याचे प्रकार खरोखर घडतात. चोरलेल्या ओळखी वापरून उत्तर कोरियाचे आयटी कर्मचारी अमेरिकी कंपन्यांत दूरस्थ नोकऱ्या मिळवत असल्याच्या प्रकरणांत अमेरिकेच्या न्याय विभागानं २०२४ मध्ये खटले दाखल केले. तेव्हा एचआरची धास्ती निराधार नाही.

पण या प्रत्येक कारणाला नेमकं काय लागतं ते पाहा. फाटकावर आधी नाव कळवलं आणि येताना कार्ड सोबत आणलं की झालं. तिकिटासाठी पासपोर्टप्रमाणे नावाचं स्पेलिंग लागतं. परदेशी प्रवास असेल तर फार तर क्रमांक आणि मुदत लागते, तेही टाइप करून देता येतं. व्हिडिओ मुलाखतीत क्रमांक बोटानं झाकून कार्ड क्षणभर कॅमेऱ्यासमोर धरता येतं. यांपैकी कशासाठीही कंपनीच्या फोल्डरमध्ये तुमच्या कार्डाची स्कॅन प्रत पडून राहण्याची गरज नाही.

'पगाराच्या नोंदी', 'पार्श्वभूमी तपासणी' किंवा 'सिस्टीममध्ये प्रोफाइल बनवायचंय' ही कारणं मुलाखतीआधी मुळीच पटण्यासारखी नाहीत. ती रुजू होण्याच्या वेळची कामं आहेत, आणि कायदेही साधारण तोच क्रम मानतात. अमेरिकेत कामाचा हक्क तपासण्याचा फॉर्म आय-९ ऑफर स्वीकारल्यानंतरच भरायचा असतो. कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजी दिवसांत मालकानं कागदपत्रं पाहायची असतात, आणि मान्य यादीतलं कोणतं कागदपत्र द्यायचं हे कर्मचारी ठरवतो. ब्रिटनमध्ये अशी तपासणी कामाचा पहिला दिवस उजाडण्याआधी पूर्ण असावी लागते. तिथे अनेक परदेशी नागरिक कागदाऐवजी नऊ अक्षरांचा शेअर कोड देतात आणि मालक सरकारी संकेतस्थळावर तो पडताळून पाहतो. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमावलीचं एक मूलतत्त्वच आहे की कामापुरतीच माहिती गोळा करावी. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती सांगितलेल्या उद्देशाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित धरली आहे.

आणखी एक गोष्ट उमेदवारांच्या सहसा ध्यानात येत नाही. ओळखपत्रावर वय असतं, बऱ्याचदा जन्मस्थान, पत्ता, पालकांची किंवा जोडीदाराची नावं असतात. तुमचं काम पाहण्याआधीच समोरच्याला हे सगळं कळावं, हे तुमच्या हिताचं नाही. चांगल्या कंपनीलाही ही माहिती आधी नकोच असते, कारण उद्या कुणी भेदभावाची तक्रार केली तर तीच तिच्या अंगाशी येते.

दुसरी पायरी: मागणारा कोण, ते स्वतः शोधा

ई-मेलमधल्या लिंकवर किंवा त्यात दिलेल्या फोन नंबरवर भिस्त ठेवू नका. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा आणि ती जागा तिथे जाहीर झाली आहे का ते पाहा. मग मुख्य कार्यालयाच्या नंबरवर फोन करून विचारा: 'अमुक नावाची व्यक्ती तुमच्या भरती विभागात आहे का?' ई-मेल पत्त्यातला '@' नंतरचा भाग अक्षर न् अक्षर वाचा. एक जास्तीचं अक्षर, मध्येच आलेला डॅश, 'ओ'च्या जागी शून्य, शेवटी जोडलेलं 'करिअर्स' किंवा 'एचआर', एवढ्या फरकावर बनावट पत्ते चालतात.

सगळा संवाद केवळ मेसेजिंग ॲपवर होत असेल, 'आज संध्याकाळपर्यंतच' अशी घाई असेल, न मागितलेल्या पगाराचं आमिष असेल, तर थांबा. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर प्रत नक्की कुणाकडे जाणार ते विचारा आणि मूळ कंपनीचं नाव सांगायला लावा. नाव सांगत नाहीत आणि कागद मात्र मागतात, तिथे काही देऊ नका. कागदपत्रांसोबत नोंदणीचे पैसे मागितले तर विषय तिथेच संपला. खासगी भरती संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात नोंदलेलं आहे.

तिसरी पायरी: नम्रपणे, पण लेखी विचारा

फोनवर वाद घालू नका. ई-मेल लिहा, म्हणजे उत्तरही लेखी येईल. मजकूर असा ठेवता येईल:

'नमस्कार. मुलाखतीच्या निमंत्रणाबद्दल आभार. ओळख पटवण्यासाठी मी मूळ ओळखपत्र सोबत आणेन आणि मुलाखतीच्या वेळी दाखवेन. प्रत मात्र ऑफर मिळाल्यानंतर देणं मला सोयीचं होईल. या टप्प्यावर प्रत आवश्यकच असेल तर ती कशासाठी लागते, कोण पाहणार आणि निवड न झाल्यास ती कधी नष्ट केली जाईल, हे कृपया कळवावं.'

यात नकार नाही आणि आरोपही नाही. खऱ्या एचआरकडून बहुधा 'चालेल, सोबत आणा' असंच उत्तर येईल, कारण पुष्कळदा ती ओळ जुन्या ई-मेलमधून तशीच उचललेली असते आणि पाठवणाऱ्यालाही त्या कागदाची गरज नसते. भामटा मात्र या तीन प्रश्नांपैकी एकाचंही सरळ उत्तर देत नाही. तो चिडतो, घाई वाढवतो किंवा संधी गेल्याची धमकी देतो. उत्तर कसं येतं, यावरूनच बरंचसं कळतं.

ऑनलाइन फॉर्ममध्ये अपलोडची जागा सक्तीची असेल तर तिथे 'मूळ ओळखपत्र मुलाखतीच्या वेळी दाखवेन' असं लिहिलेलं एक पान चढवा आणि भरती विभागाला तसं कळवा. क्रमांकाच्या रकान्यात खोटे आकडे मात्र कधीही भरू नका. अर्जात चुकीची माहिती दिली, हे नंतर तुमच्यावरच उलटेल.

चौथी पायरी: प्रत द्यावीच लागली तर ती तयार करून द्या

कंपनी खरी आहे, कारण पटलं आहे, नोकरीही हवी आहे, अशा वेळी प्रत द्या, पण कच्ची देऊ नका. इथे घाईत केलेलं झाकणं निरुपयोगी ठरतं, म्हणून हा भाग सावकाश करा.

पासपोर्टचंच उदाहरण घ्या. लोक वरच्या कोपऱ्यातला क्रमांक काळा करतात आणि निर्धास्त होतात. पण त्याच पानाच्या तळाशी '<' अशा खुणांनी भरलेल्या दोन लांब ओळी असतात. प्रत्येक ओळ ४४ अक्षरांची. यंत्रानं वाचण्यासाठी असलेल्या या ओळींत नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत सगळं पुन्हा छापलेलं असतं. वरचं झाकून खालचं उघडं ठेवलं तर काहीच झाकलं जात नाही. कार्डावरच्या क्यूआर कोडचं आणि बारकोडचंही तसंच. कार्डावर दिसते त्यातली बरीच माहिती त्यात असू शकते. तेही झाका.

झाकायचं कशानं, हेही महत्त्वाचं. फोनवरच्या हायलाइटरसारख्या पेननं फासलेला काळा रंग अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे आकडे उमटतात. पीडीएफवर काळी चौकट ठेवली तर खालचा मजकूर पुष्कळदा तसाच राहतो, निवडून कॉपी करता येतो. सगळ्यांत खात्रीचा उपाय साधा आहे: झेरॉक्स काढा, नको तो भाग कागदाची पट्टी लावून झाका आणि मग त्या झेरॉक्सचा फोटो काढा. आकडे त्या फाइलमध्ये मुळात शिरतच नाहीत.

मग झेरॉक्सवर, फोटोवरून आणि मजकुरावरून जाईल अशी तिरकी ओळ लिहा: 'फक्त अमुक कंपनीच्या अमुक पदाच्या मुलाखतीसाठी', आणि तारीख. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं, म्हणून मध्यावरूनच लिहायचं. नेदरलँड्सच्या सरकारनं तर नागरिकांसाठी झाकण्याचं आणि असा शिक्का उमटवण्याचं 'कोपीआयडी' नावाचं ॲपच काढलं आहे. भारतात आधारची मास्क्ड प्रत मिळते, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. तुमच्या देशात अशी सोय असेल तर आधी ती वापरा.

फाइल कंपनीच्या अधिकृत पोर्टलवर चढवा, किंवा पासवर्ड लावून ई-मेलनं पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. काय, कुणाला, कधी पाठवलं, याची नोंद ठेवा. निवड झाली नाही तर प्रत काढून टाकल्याचं लेखी कळवायला सांगा. जीडीपीआर लागू असेल तिथे अशा विनंतीला सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर देणं बंधनकारक आहे.

काही गोष्टी कुणालाच देऊ नका

ओटीपी, बँकेचे तपशील आणि हातात ओळखपत्र धरून काढलेला सेल्फी. या सेल्फीवर अनेक ठिकाणी ऑनलाइन खातं उघडतं, कर्ज मंजूर होतं, सिमकार्ड मिळतं. कुठल्याही मुलाखतीला त्याची गरज नसते.

मूळ कागदपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर उठून निघा. पासपोर्ट किंवा ओळखपत्र ताब्यात ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीची जी ११ लक्षणं सांगितली आहेत, त्यांपैकी एक आहे. 'जॉइनिंग झालं की परत देऊ' या शब्दावर माणसं परक्या देशात वर्षानुवर्षं अडकली आहेत. पाहा, तपासा, परत द्या, एवढाच मालकाचा मूळ कागदाशी संबंध.

आधीच पाठवून बसला असाल तर

स्वतःला बोल लावत बसू नका, कामाला लागा. सगळे ई-मेल, मेसेज आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. राग आला म्हणून काही खोडू नका. ज्या कंपनीचं नाव वापरलं गेलं तिला कळवा. बँकेला सांगून खात्यावरच्या सूचना चालू करा आणि तुमच्या नावावर नवं कर्ज निघालं नाही ना, हे क्रेडिट अहवालात पाहत राहा. अमेरिकेत क्रेडिट फ्रीज, म्हणजे तुमच्या नावावर नवं कर्ज निघू नये म्हणून क्रेडिट अहवाल गोठवण्याची सोय, २०१८ पासून विनाशुल्क आहे; इतरत्र जी सोय असेल ती लगेच वापरा. ओळखपत्र देणाऱ्या कार्यालयाकडे क्रमांक किंवा बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय असते का ते विचारा.

नुकसान झालेलं नसलं तरी पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक आणि तारखेची पोच सांभाळून ठेवा. पुढे तुम्ही न घेतलेल्या कर्जाची नोटीस आली, तर बँकेपुढे पहिला कागद तोच ठेवायचा असतो.