सॉफ्टवेअर आर्किटेक्चर शिकताना या चुका टाळा

‘पॅटर्न पाठ आहेत, व्हिडिओ बघून झालेत, पण स्वतःची सिस्टिम मांडायला बसलं की काहीच सुचत नाही.’ सॉफ्टवेअर डिझाइन शिकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणून आणखी एक कोर्स लावला जातो. माझ्या मते हाताशी असलेली साधनं बहुधा पुरेशी असतात. त्यांतला नेमका कामाचा भाग गाळला जातो. कोणी काय निर्णय घेतला हे वाचलं जातं, त्यापायी काय सोसावं लागलं ते राहून जातं.

पॅटर्नच्या यादीपासून सुरुवात

‘डिझाइन पॅटर्न्स’ हे चार लेखकांचं १९९४ सालचं पुस्तक. त्यात २३ पॅटर्न, म्हणजे डिझाइनमध्ये वारंवार येणाऱ्या प्रश्नांची ठरीव उत्तरं आहेत, उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधली. त्यातला इटरेटर (संग्रहातल्या वस्तू एकेक करून देणारा) आज बहुतेक भाषांच्या फॉर लूपमध्येच मुरला आहे आणि स्ट्रॅटेजीच्या (काम करायची रीत बदलती ठेवणाऱ्या पॅटर्नच्या) जागी पुष्कळदा एक फंक्शन पाठवलं की भागतं. म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही. प्रत्येक पॅटर्नखाली तो कधी लागू पडतो आणि वापरला तर परिणाम काय, असे दोन स्वतंत्र भाग त्यात आहेत. विद्यार्थी क्लासची आकृती उतरवून घेतात आणि नेमके हेच भाग सोडतात. मग तीन फॉर्मच्या प्रोजेक्टमध्ये पाच फॅक्टरी (ऑब्जेक्ट तयार करून देणारे क्लास) उभ्या राहतात, प्रत्येक इंटरफेसमागे एकुलता एक क्लास. तुमच्या कोडमध्ये असं काही दिसलं तर तो पॅटर्न काढून टाका आणि बघा. काही अडलं नाही, तर त्याची गरज नव्हती.

याआधी वाचावा असा लेख म्हणजे डेव्हिड पार्नास यांचा १९७२ सालचा, प्रोग्रामचे मॉड्यूल कोणत्या निकषावर पाडावेत यावरचा. मोजक्या पानांचा आहे. उदाहरण एका छोट्या सूची प्रोग्रामचं: ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द गोल फिरवून नव्या ओळी करायच्या, त्या वर्णानुक्रमे लावून छापायच्या. पार्नास तो दोन तऱ्हांनी पाडून दाखवतात. पहिली तऱ्हा फ्लोचार्टच्या टप्प्यांप्रमाणे, म्हणजे आपण सगळे सहज करू तशी. दुसरीत पुढेमागे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवलेला. मग प्रश्न येतो: ओळी मेमरीत साठवायची पद्धत बदलली तर? पहिल्या मांडणीत प्रत्येक मॉड्यूलला हात लावावा लागतो, दुसरीत एकालाच. हे वाचून सोडू नका; दोन्ही मांडण्या कोणत्याही भाषेत स्वतः लिहा आणि साठवण खरोखर बदला. निर्णय असे लपवण्यालाच इन्फर्मेशन हायडिंग म्हणतात; ते म्हणजे नुसतं फील्डला प्रायव्हेट लावणं, हा समज तिथेच मोडतो.

मोठ्यांचं आर्किटेक्चर जसंच्या तसं उचलणं

सिस्टिम डिझाइनचे व्हिडिओ बरेचसे मुलाखतीसाठी बनवलेले असतात. मुलाखतीपुरते ते चांगलेच. पण त्यांत चौकोन पटापट येतात, कारणं मागे राहतात. डायनॅमो या डेटा साठवणाऱ्या सिस्टिमवरचा ॲमेझॉनचा २००७ सालचा पेपर घ्या. त्यातलं कन्सिस्टंट हॅशिंग (डेटा अनेक सर्व्हरवर वाटायची पद्धत) सगळ्यांना तोंडपाठ असतं. पेपर मात्र सुरू होतो एका अटीपासून: काहीही बिघडलं तरी ग्राहकाला कार्टमध्ये वस्तू टाकता आलीच पाहिजे. त्यासाठी एकाच कार्टच्या दोन वेगळ्या झालेल्या प्रती नंतर एकत्र कराव्या लागतात आणि काढून टाकलेली वस्तू कार्टमध्ये पुन्हा उगवू शकते. हे त्यांनी जाणूनबुजून पत्करलं. बँक खात्यासाठी तुम्ही असं पत्कराल का?

मायक्रोसर्व्हिसचंही, म्हणजे ॲप्लिकेशन छोट्या स्वतंत्र सर्व्हिसमध्ये तोडण्याचंही, तेच. संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशीच रचना तिच्या सिस्टिमला येते, असं मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. एकट्याच्या प्रोजेक्टमध्ये सात सर्व्हिस असतील तर बोलणार कोण कोणाशी? एकाच ॲप्लिकेशनमध्ये मॉड्यूलच्या सीमा नीट आखून बघा, तेवढंच पुष्कळ अवघड आहे.

नुसत्या आकृत्या

सिस्टिमच्या आकृत्या काढायच्या ठरीव पद्धती आहेत: यूएमएलमध्ये १४ प्रकारच्या आकृत्या, सी-फोर मॉडेलमध्ये चार पातळ्या. कोणतंही घ्या, वाद घालण्यात वेळ दवडू नका. प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा: ‘ऑर्डर पाठवतो’, ‘शिल्लक विचारतो’. लिहिता आलं नाही, तर तो बाण तुम्हालाच कळलेला नाही.

खरा कोड न उघडणं

इथे एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीची शिफारस करेन. तिच्या रचनेवरचं अधिकृत पान छोटं आहे; क्वेरी वाचण्यापासून डेटा डिस्कवर ठेवण्यापर्यंतचे भाग त्यात येतात: पार्सर, कोड जनरेटर, व्हर्च्युअल मशीन, बी-ट्री, पेजर. पान वाचा, मग एखाद्या क्वेरीआधी ‘एक्सप्लेन’ लिहून चालवा. व्हर्च्युअल मशीनसाठी तयार झालेला बाइटकोड, म्हणजे त्याने पाळायच्या सूचना, समोर येतो. आकृतीतला एक चौकोन असा चालताना दिसला की पुढच्यांचा कोड उघडायची भीती कमी होते.

स्वतःचे निर्णय न लिहिणं

मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे डिझाइनच्या निर्णयांची नोंद) ही पद्धत विद्यार्थ्यांनी फार कमी वापरलेली दिसते. नोंदीचे भाग पाच: शीर्षक, परिस्थिती, निर्णय, सद्यस्थिती, परिणाम. एका निर्णयाला एक-दोन पानं. फाइल कोडसोबतच ठेवायची. ‘परिणाम’खाली फक्त फायदेच लिहून झाले असतील तर निर्णय अजून तपासलेला नाही असं समजा. प्रोजेक्ट संपत आला की मित्राला एक नवी गरज सुचवायला सांगा, तुम्ही स्वतः निवडू नका. ती पुरवताना किती फाइल बदलाव्या लागल्या ते मोजा आणि आकडा त्याच ‘परिणाम’खाली लिहून टाका.