गावाने दिलेली नजर कशी तपासावी

लहान गावात वाढलेल्या माणसाला आपल्या आजच्या वागण्यात गावाचा वाटा किती, हे तपासायचे असेल तर त्याने आठवणींपासून सुरुवात करू नये. आठवणी फार लाडावलेल्या असतात. गेल्या महिन्यात आपण कुठे अवघडलो किंवा विनाकारण दुखावलो, असे तीन प्रसंग कागदावर लिहावेत आणि तोच प्रसंग गावात कसा पार पडला असता, ते प्रत्येक प्रसंगासमोर लिहावे.

माझे गाव वाई. कृष्णेकाठी सात घाट आहेत आणि कृष्णाबाईचा उत्सवही घाटाघाटावर पाळीपाळीने होतो, त्यामुळे "कुणाचा रे तू?" या प्रश्नाला आडनाव आणि आळी एवढे उत्तर पुरत असे. वाणी माझ्या हातातली तेलाची बरणी भरून काही न विचारता आमच्या पानावर रक्कम मांडायचा, आणि मी बरोबर गोळ्याही घेतल्याची बातमी दिवेलागणीच्या आत घरी पोचायची. पत आणि पाळत एकाच वहीत होती. पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर पगारवाढ मागायला मी दोन वर्षे लावली, कारण काम दिसते आहे तर साहेब आपणहून बोलतील, असे मी धरून चाललो होतो. कागदावर मांडल्यावर उमगले, की मी साहेबांकडे वाण्याच्या वहीची अपेक्षा करत होतो.

यानंतर प्रत्येक सवय शहरात एकदा वापरून पाहावी. शेजारचे दार वाजवून विरजण मागावे, बहुधा मिळते. 'लोक काय म्हणतील' असे मनात आले की त्या लोकांची नावे लिहून काढावीत. माझी यादी दोन नावांपुढे सरकली नाही, आणि त्यांतले एक काकांचे होते.

मात्र सगळे गावाच्या खात्यावर मांडू नये. शक्य असल्यास भावंडालाही हाच कागद भरायला द्यावा. माझ्या बहिणीच्या यादीत पगारवाढ नव्हतीच. दिवेलागणीनंतर घाटावर जायला मला कधी कुणी अडवले नाही, तिला मात्र रोज अडवले होते; म्हणून पुण्यातली जी अनोळखी गर्दी मला खायला उठत असे, ती तिला पहिल्या दिवसापासून मोकळी वाटली होती.