स्किप्टनच्या बस स्टँडवरून: गाडी नसलेल्यांची भटकंती

इंग्लंडात लीड्स-ब्रॅडफर्डकडे नव्यानं आलेल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकदा गाडी घेतली की मग फिरू." मीही तेच म्हणत होतो. भारतातलं लायसन्स इथे 12 महिने चालतं, पण नव्या माणसाला इन्शुरन्सचा आकडा सांगतात तेव्हा घसा कोरडा पडतो. त्या 'मग'च्या नादात माझे दोन उन्हाळे फ्लॅटच्या खिडकीत गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

स्किप्टन हे यॉर्कशर डेल्स या डोंगर-खोऱ्यांच्या तोंडाशी असलेलं गाव. लीड्सहून तिथे ट्रेननं पाऊण तास लागतो. स्टेशनवरून चालत दहा मिनिटांत कीथली रोडवरचा बस स्टँड येतो. (स्पेलिंग बघून 'कीघली' म्हणाल तर ड्रायव्हर हसणार नाही, पण त्याला कळणारही नाही.) आपल्या एसटी स्टँडची सवय असेल तर हा स्टँड खेळण्यातला वाटेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी हाय स्ट्रीटवर बाजार भरतो. त्या दिवशी बसमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या असतात आणि शेजारी चिखलाचे बूट घातलेले आजोबा. माहिती विचारायची तर त्या आजोबांना. अ‍ॅपपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

गाडी नसण्याचा फायदा पहिल्यांदा कळला तेव्हा मला स्वतःचंच हसू आलं. गाडीवाला जिथे गाडी लावतो तिथेच त्याला परत यावं लागतं, म्हणजे कायम गोल फिरणं आलं. बसवाला एका गावात उतरतो आणि दुसऱ्या गावातून चढतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे जाताना बस घ्यायची आणि चालायचं स्किप्टनच्या दिशेनं. मग बस चुकायची भीतीच नाही.

सुरुवात अशीच करा. सेटलकडे जाणारी 580 नंबरची बस गारग्रेव्हला थांबते. तिथे उतरा, लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाला लागा आणि पाणी सोडू नका. सात-आठ किलोमीटरवर स्किप्टन. चढ नाही, रस्ता चुकायची सोय नाही. स्किप्टन ते बिंग्ली हा कालव्याचा टप्पा 1773 मध्ये सुरू झाला, पण सगळा 127 मैलांचा कालवा पुरा व्हायला 1816 उजाडलं. म्हणजे सरकारी कामाला वेळ लागतो ही काही आपलीच मक्तेदारी नाही. (खरं तर ते काम खासगी कंपनीचं होतं, पण मुद्दा लक्षात आला असेल.) वाटेत आडवे फिरणारे पूल लागतात. बोटवाला खाली उतरून पूल हातानं फिरवतो, बोट काढतो, पुन्हा पूल लावतो, आणि मोटारी मुकाट्यानं थांबून राहतात. लहान मुलं बरोबर असतील तर इथेच अर्धा तास जाईल.

दुसरी पायी फेरी व्हॉर्फ नदीची. 72 नंबरनं ग्रासिंग्टन गाठा, लिंटनचा धबधबा बघा आणि नदीच्या काठाकाठानं बर्नसॉलपर्यंत जाऊन परत या. येऊन-जाऊन अकरा किलोमीटर धरा. मध्ये हेब्डनचा झुलता पूल लागतो. गावच्या लोहारानं 1885 मध्ये बांधलेला हा पूल पावलागणिक हलतो. आमच्याकडच्या साकवाची आठवण आली, फक्त हा पावसाळ्यात वाहून जात नाही.

मालम गावाजवळच्या कड्याला, म्हणजे मालम कोव्हला, मात्र नीट ठरवून जा. 80 मीटर उंचीची, आत वळलेली चुनखडीची भिंत आहे ती. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्यांनी उंचीची तुलना करू नये, पण कड्याच्या पायाशी उभं राहून वर बघितलं की मान तशीच दुखते. बाजूच्या दगडी पायऱ्यांनी माथ्यावर पोचलं की भेगाळलेल्या दगडांचं पठार लागतं. पाऊस पडून गेला असेल तर ते साबणासारखं निसरडं होतं, आणि भेगा पाय अडकून मोडेल इतक्या खोल. मालमच्या बस मोजक्याच असतात, म्हणून तिथलं वेळापत्रक आदल्या रात्री बघायचं, सकाळी नव्हे.

आता वेळापत्रकाबद्दल, कारण खरी अडचण तिथेच येते. फेरी आखायची ती परतीच्या बसपासून उलटी मोजत. आणि परतीची बस म्हणजे शेवटची नव्हे, शेवटच्या आधीची. शेवटची बस राखीव ठेवायची. हा नियम मी ग्रासिंग्टनला शिकलो. शेवटची बस डोळ्यांसमोरून गेली, कारण मी चौकात उभा राहून तिच्याकडे नुसता बघत होतो. खेड्यातल्या स्टॉपवर बस आपोआप थांबत नाही. हात पुढे करावा लागतो, लाल डब्याला करतो तसा. त्या दिवशीच्या टॅक्सीच्या पैशात महिनाभर बसनं फिरलो असतो. इंग्लंडमध्ये बसच्या एकेरी तिकिटाला 2023 मध्ये दोन पौंडांची कमाल मर्यादा आली, 2025 पासून ती तीन पौंड झाली. कार्ड टेकवायचं, गावाचं नाव सांगायचं, उतरताना ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणायचं. हे शेवटचं सगळेच म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात तर तुमचं तुम्हालाच चुकल्यासारखं वाटेल.

बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुटीच्या, सोमवारी बस रविवारसारख्या धावतात. काही मार्गांवर रविवारी बसच नसते, म्हणून उन्हाळ्यातल्या रविवारी आणि सुटीच्या दिवशी धावणाऱ्या डेल्सबसच्या गाड्या बघून ठेवा. खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो हे माहीत असतं सगळ्यांना, पण पहिल्या वर्षी अंगवळणी पडलेलं नसतं. जूनमध्ये उलट पावणेदहापर्यंत उजेड असतो, मग माणूस बेफिकीर होतो आणि बस सहालाच संपलेली असते.

आपल्या माणसांना सगळ्यात जड जातं ते दुसऱ्याच्या शेतातून चालणं. गावाकडे परक्याच्या कुंपणात शिरलं की "कोण रे तिकडं?" अशी हाक येते, ती कानात बसलेली असते. इथे 'पब्लिक फूटपाथ'ची पाटी आणि पिवळा बाण दिसला की ती वाट तुमच्या हक्काची, मग ती शेतकऱ्याच्या अंगणातून का जाईना. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. शिवाय 2000 सालच्या कायद्यानं माळरानं आणि डोंगरउतारांचे मोठे पट्टे पायी फिरायला मोकळे झाले. हे सुखासुखी मिळालेलं नाही. 1932 मध्ये किंडर स्काउटच्या डोंगरावर मनाई मोडून शेकडो लोक चढले आणि त्यातले काही जण तुरुंगातही गेले. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा नारिंगी वेष्टनाचा ओएल 2 नकाशा घ्या. मालम आणि ग्रासिंग्टन दोन्ही त्यात आहेत आणि या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात.

बदल्यात थोडं पाळायचं. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर लावून घ्यायचं. वासरं बरोबर असलेल्या गाईंपासून लांबून जायचं. आपल्याला गाय म्हणजे गरीब वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो. भिंत ओलांडायला कुठे पायऱ्या असतात, कुठे दोन उभ्या दगडांत मांडी जाईल एवढीच फट. मेंढी अडते, माणूस निघतो. माझी पाठपिशवी त्या फटीत अशी अडकली की मागे चार इंग्रज रांग लावून उभे होते आणि कुणी अवाक्षर बोललं नाही. शेवटी स्टीलचा डबा बाहेर काढला तेव्हा सुटका झाली.

डब्यावरून आठवलं, थालीपीठ आणि थर्मासमधला चहा याला तोड नाही. जीन्स घालू नका, भिजली की वाळत नाही. छत्री घरीच ठेवा, वारा ती पहिल्याच टेकडीवर उलटी करतो. बसमध्ये बूट ठेवायला एक जुनी पिशवी हवी. डोंगरात काही झालं तर 999 लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ती सगळी स्वयंसेवक मंडळी आहेत, पैसे घेत नाहीत.

आई-बाबा इकडे आले की त्यांनाही न्या. माझे बाबा राजापूरकडचे, जन्म गडगे घालण्यात गेलेला. लिंटनजवळच्या वाटेवर ते चालायचंच विसरले. इथल्या भिंतीही सिमेंटशिवायच्या, नुसत्या दगडावर दगड. त्यांनी वाकून बघितलं, बोटानं चाचपलं आणि मला दाखवलं: भिंत एक नाही, दोन आहेत, मध्ये बारीक खडी भरलेली, आणि अधूनमधून एक लांब दगड आरपार घालून दोन्ही बाजू बांधलेल्या. "चिरा नाय, पण काम आपल्यासारख्याच," म्हणाले. माथ्यावरचा एक दगड ढासळून गवतात पडला होता. तो उचलून त्यांनी एका जागी लावला, मान हलवली, काढला, दुसरीकडे लावला. मी घड्याळ दाखवत होतो. तिसऱ्या जागी दगड बसला, तोवर शेवटच्या आधीची बस गेली होती.