गाण्याचा अर्थ लावायचा कसा?

पहिलं म्हणजे चाल बाजूला ठेवा आणि शब्द नुसते मोठ्यानं वाचा, कारण ठेका भारी असला की कान तिकडंच जातो. मग बघा, गाण्यात बोलतंय कोण? शेटफळ्याच्या गदिमांनी सिनेमासाठी ढीगभर गाणी लिहिली, पण त्यातला "मी" म्हणजे गदिमा नव्हेत, ते पात्राचं बोलणं, त्यामुळं सीन माहीत नसेल तर आधी सीन बघा.

नंतर गाणं कधी लिहिलं ते शोधा, माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. आपल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंची "माझी मैना" छक्कड (लावणीचाच एक प्रकार) घ्या. वरवर ऐकलं तर पोटासाठी मुंबईला गेलेला गडी, गावाकडं राहिलेली बायको, विरहाचं गाणं, बास. पण हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं, म्हणजे १ मे १९६० च्या आधीचं, आणि शेवटाकडं बेळगाव, कारवारची नावं येतात तिथं कळतं की ही ताटातूट त्या मराठी भागाची पण आहे. म्हणून पहिल्या कडव्यावर अर्थ ठरवू नका (आपल्या सांगलीत अर्धं कडवं स्टेटसला टाकून मोकळे होणारे लय आहेत). आणि विरह खोटा, राजकारण खरं असंही नाही हां, दोन्ही एकदम चालतंय.

तुम्ही काढलेला अर्थ कुठल्या ओळीतनं आला ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नेटवरच्या लिरिक्समध्ये शब्द बऱ्याचदा चुकलेले असतात, तेव्हा जुनं रेकॉर्डिंग लावून तपासा, आणि गावात कोण म्हातारा शाहीर असेल तर सरळ त्यालाच जाऊन विचारा.