शॉर्टफिल्मचा आवाज: या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात आम्ही बाप-लेकीचं भांडण शूट केलं, तेही माग चालू ठेवून. वातावरण खरं वाटेल, असा हिशेब होता. एडिटिंगला बसलो आणि प्रत्येक कटला मागाची खडखड तुटायला लागली. संवाद आणि खडखड एकाच ट्रॅकवर आले की नंतर नीट वेगळे होत नाहीत. नॉइज रिडक्शन जास्त लावलं तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

म्हणून मालकाला विनंती करा आणि संवादापुरते माग बंद ठेवा. पण कलाकारांना बजावून सांगा, माग सुरूच आहेत असं समजून ओरडून बोला. हे राहिलं तर मागून खडखड मिसळल्यावर लेक पुटपुटतेय आणि बापाला सगळं ऐकू येतंय, असा खोटेपणा उघडा पडतो. नंतर नुसते माग पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करा, एकदा अगदी जवळून, एकदा बंद दाराबाहेरून. अंगणातल्या शॉटला दाराबाहेरचाच आवाज लागतो.

त्या जागेची शांतताही घ्या. सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, निदान ३० सेकंद. संवादांमधल्या फटी याच रूम टोनने भरायच्या असतात, तिथे म्यूट केलं की कानाला खड्डा जाणवतो. मे महिन्यात पंखा बंद करायला कुणी राजी नसतं, तरी टेकपुरता बंद कराच.

मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर ऑटो गेन बंद करता येईल असं अ‍ॅप घ्या. नाहीतर पात्र गप्प झालं की फोन आपोआप आवाज चढवतो आणि रस्त्यावरची रिक्षा थेट घरात शिरते. संवादाची लेव्हल सगळ्यात वर गेली तरी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम घेताना गर्दीच्या आवाजावर लेव्हल लावलीत, तर पहिल्याच बाराला आवाज फाटेल. फाटलेला आवाज पूर्ण सुधारत नाही.

सिंकची टाळी, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून टेकला वाजवायची टाळी, माइकजवळ द्या. १४ मीटरवरून दिली तर आवाज साधारण एक फ्रेम उशिरा पोचतो.

तयार इफेक्ट्सच्या भरवशावरही राहू नका. पडद्यावरची हालचाल पाहून आवाज करायच्या कामाला हॉलिवूडच्या जॅक फोली यांच्यावरून फोली म्हणतात आणि त्याला स्टुडिओच लागतो असं नाही. आम्हाला हाड मोडल्याचा आवाज हवा होता. रात्री अकराला, पंखा बंद करून, माइकपासून वीतभर अंतरावर कडक भाकरी मोडली. पहिली फार कोरडी वाजली, पापडासारखी. दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून हळूहळू पिळत मोडली, आणि हेडफोन लावून बसलेल्या पोरानं स्वतःचं मनगट घट्ट धरलं.