हार्वेस्टर पीक नीट ओढत नाही? या चुका टाळा

ड्रममधून (दाणे मळणारा फिरता भाग) घर्र आवाज आला, इंजिन दबलं, की बरेच ऑपरेटर आधी कॉनकेव्ह (ड्रमखालची जाळी) ढिला करायला धावतात. ही पहिली चूक. ड्रम मध्येच गुरगुरतो आणि मध्येच मोकळा पळतो, तेव्हा बहुतेक वेळा पीक त्याच्यापर्यंत गठ्ठ्यागठ्ठ्यानं येत असतं. गठ्ठा तयार होतो पुढे, हेडरमध्ये, म्हणजे पीक कापून आत घेणाऱ्या भागात. म्हणून पीक ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं तपासत जा: कटरबार (कापणाऱ्या पात्यांची पट्टी), रील (पीक आत लोटणारी फिरती चौकट), ऑगर (पीक मधोमध आणणारा मळसूत्री रोलर), फीडर (पीक ड्रमकडे नेणारा साखळीचा भाग) आणि मग ड्रम.

मशीन थांबवून मागची धसकटं बघा. ती एकसारखी कापलेली नसतील, चिंध्या झाल्या असतील, मधूनच रोपं मुळासकट उपटली असतील, तर पाती बोथट झालीत किंवा गार्ड (पाती ज्यांच्यातून सरकतात ती टोकदार बोटं) वाकलेत. तुटलेलं एक पातं बदलायला थोडाच वेळ लागतो. ते तसंच ठेवलं तर तिथलं पीक ओढलं जातं, आडवं पडतं आणि तिथूनच गुंता सुरू होतो.

सगळ्यात जास्त घोळ रीलमध्ये होतो. उभ्या पिकात रीलच्या टोकाचा वेग मशीनच्या वेगापेक्षा साधारण १० ते २५ टक्के जास्त असावा. म्हणजे रीलचा व्यास १ मीटर असेल आणि मशीन ताशी ४ किलोमीटरनं चालत असेल, तर रीलचे मिनिटाला २३ ते २६ फेरे पुरेत. त्याहून फार जोरात फिरवली तर ओंब्या झडतात, सोयाबीनच्या शेंगा फुटतात आणि काड रीलला गुंडाळलं जातं. हळू फिरवली तर कापलेलं पीक पुढे ढकललं जाऊन कटरबारवरच साचतं. गिअर बदलला पण रीलचा वेग तसाच ठेवला, ही चूक मी वारंवार पाहिली आहे. रीलची जागाही बघा: आखूड पिकात ती खाली आणि ऑगरच्या जवळ घ्यावी लागते, लोळलेल्या पिकात खाली आणि थोडी पुढे. लोळलेलं पीक ज्या दिशेला पडलंय त्याच्या समोरून किंवा तिरकं कापलं तर उचलायला सोपं जातं.

विरळ, आखूड पिकात "सावकाश चालवू" असं वाटतं. पण मागून येणारं पीक पुढच्याला रेटतं, तेव्हाच ते ऑगरपर्यंत पोचतं. फार हळू गेलात तर कटरबार आणि ऑगरच्या मधल्या पट्टीवर ढीग साचतो आणि मग एकदम आत जातो. अशा वेळी वेग थोडा वाढवून बघा.

ऑगर पीक स्वतःभोवती गुंडाळत असेल, तर त्याच्या मागची स्ट्रिपर पट्टी (गुंडाळलेलं पीक सोडवणारी) त्याच्यापासून लांब गेली आहे का ते बघा. ऑगरची बोटं (आत-बाहेर होणाऱ्या सळया) पुढच्या बाजूला पूर्ण बाहेर यायला हवीत आणि फीडरपाशी आत जायला हवीत. ती उशिरा आत गेली तर पीक सोडतच नाहीत. वाकलेलं बोट हातानं सरळ करू नका, बदला.

फीडरची साखळी फार ताणली तर पुढचा रोलर वर-खाली होऊ शकत नाही, जाड थर आला की अडतो. ढिली राहिली तर पट्ट्या पीक पकडत नाहीत. दोन्ही बाजूंचा ताण सारखा हवा. माप मशीनच्या पुस्तकात असतं, अंदाजानं करू नका.

सकाळचं दव किंवा हिरवं तण असेल तेव्हा कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. काड वाळू द्या, मग पुन्हा चालवून बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

स्लिप क्लच (जास्त भार आला की घसरणारा क्लच) कटकट करतोय म्हणून तो आवळणं फार धोक्याचं. तो मशीन वाचवतोय. पीक अडकलं आणि रिव्हर्सर (फीडर उलटा फिरवायची सोय) असेल तर आधी तोच वापरा. हात घालायचाच असेल तर इंजिन बंद, चावी खिशात, हेडर लॉकवर, आणि सगळे फिरणारे भाग पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका.